'ॲनिमल फार्म' शाळेत दाखवला आणि बॉक्सरच्या गाडीपाशी वर्ग थांबला

झेडपी_गुरुजी

मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात शिक्षक आहे. शाळा आठवीपर्यंत. मागच्या शनिवारी सहावी ते आठवीच्या पोरांना 'ॲनिमल फार्म' दाखवला, १९५४ सालचा जुना कार्टूनपट. सव्वा तासाच्या आत संपतो. इंग्रजी कोणाला कळणार नव्हतं, म्हणून मी पडद्याच्या बाजूला उभा राहून वऱ्हाडीत सांगत होतो.

पहिला अर्धा तास मजेत गेला. दारुड्या मालकाला जनावरं हाकलून लावतात तिथे टाळ्या पडल्या. बदकाच्या पिल्लावर पोट्टे हसून लोटपोट. मग डुकरांचं राज्य सुरू झालं. नेपोलियन डुकराने कुत्र्याची पिल्लं लपवून वाढवली आणि त्यांची फौज उभी केली. अंडी द्यायला नाही म्हणणाऱ्या कोंबड्यांचं काय झालं ते पाहून वर्ग हळूहळू गप्प होत गेला. पवनचक्कीसाठी रात्रंदिवस दगड ओढणारा बॉक्सर घोडा शेवटी पडतो. डुकरं म्हणतात, याला दवाखान्यात नेतो. गाडी येते. ती दवाखान्याची नसते, म्हातारे घोडे मारून त्यांच्यापासून सरस, म्हणजे चिकटवायचा गोंद, करणाऱ्याची असते. बेंजामिन नावाचं गाढव जिवाच्या आकांताने गाडीमागे धावतं.

तिथे सातवीतला एक मुलगा उठून बाहेर गेला. मी मागोमाग गेलो तर हापशीवर तोंड धूत होता. म्हणाला, "सर, आमचा ढवळ्या असाच गेला. बाबा म्हनले मामाकडं ठेवला. मामाकडं नाई हाय तो." मला काही सुचेना. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "बॉक्सर इतला ताकदीचा होता, त्यानं लाथ काऊन नाई मारली?"

सोमवारी त्याचे वडील शाळेत आले. रागावले नव्हते, पण म्हणाले, "गुरुजी, हे राजकारण लेकरायच्या डोक्यात कायले भरता?"

पोळा दहा दिवसांवर आहे. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. दाखवायला नको होता का? आणि त्या पोराच्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

संत्राबाग_वरुड

दाखवला ते चांगलंच केलं. आमच्या वेळी शाळेत सिनेमा म्हणजे पाणी उकळून प्या एवढाच. पोरगं आता कसं आहे?

पऱ्हाटी

गुरुजी, मी आधी त्या पोराबद्दलच लिहिणार. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावून चोळतात, वर्षभर जू ठेवून तिथे गठ्ठा झालेला असतो. मग त्याच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी पहिल्या वर्षी माझ्या हाताने खांदा मळून घेतला होता. ती कातडी हाताला कशी लागते ते मी विसरलेली नाही, आतून गरम आणि वरून साल निघाल्यासारखी.

ज्याने हा खांदा मळला आहे त्या पोराला बॉक्सर म्हणजे कार्टून वाटूच शकत नाही. त्याला वेळ द्या.

जुना_प्रोजेक्टर

या सिनेमाबद्दल थोडं सांगतो, कारण त्याची स्वतःची गोष्टही राजकारणाचीच आहे.

मूळ पुस्तक जॉर्ज ऑर्वेलचं, १९४५ चं. हा माणूस जन्मला आपल्या देशात, बिहारातल्या मोतीहारीला, १९०३ मध्ये. वडील अफूच्या सरकारी खात्यात. पुढे तो स्वतः ब्रह्मदेशात इंग्रजांच्या पोलिसात पाच वर्षं होता. माणसाला माणूस न समजता कारभार कसा चालतो ते त्याने गणवेश घालून पाहिलेलं होतं. पुस्तक लिहून झालं १९४४ ला, पण रशिया तेव्हा इंग्लंडच्या बाजूने लढत होता आणि गोष्ट स्टालिनवर नेम धरून लिहिलेली. एकामागून एक प्रकाशकांनी परत केलं. ऑर्वेल १९५० च्या जानेवारीत वारला.

तो गेल्यावर सिनेमाचे हक्क त्याच्या पत्नीकडून घेतले गेले, आणि त्यामागचा पैसा अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा, सीआयएचा होता. वरवर निर्माता लुई द रोशमाँ. चित्रं काढली लंडनच्या जॉन हॅलस आणि जॉय बॅचलर या नवराबायकोंच्या स्टुडिओने. चित्रपटगृहात लागलेला पहिला पूर्ण लांबीचा ब्रिटिश कार्टूनपट म्हणून याची नोंद आहे. पैसा कुठून आला हे लोकांना कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

आता मुद्द्याचं. पुस्तकाच्या शेवटी जनावरं खिडकीतून आत बघतात. डुकरं आणि माणसं एका टेबलावर बसलेली असतात आणि कोण डुक्कर, कोण माणूस, हे बाहेरून ओळखू येत नाही. तिथे पुस्तक संपतं. सिनेमात मात्र उरलेली जनावरं चिडून घरावर चाल करून जातात आणि नेपोलियनला चिरडतात. रशियाच्या अमलाखालच्या लोकांनी उठाव करावा, हा संदेश पैसे देणाऱ्यांना हवा होता. भिंतीवरचे नियम रात्री गुपचूप बदलणाऱ्या डुकरांची गोष्ट, आणि त्या गोष्टीचाच शेवट गुपचूप बदलला गेला.

तूर_हरभरा

म्हणजे हा अमेरिकेचा प्रचारपट झाला! मग गुरुजी, पालकाचं काय चुकलं? आपण पोरांना परदेशी हेर खात्याच्या पैशातला माल दाखवतो आणि वर म्हणतो विचार करायला शिका. यापेक्षा आपल्याकडच्या गोष्टी काय कमी आहेत?

झेडपी_गुरुजी

जुना_प्रोजेक्टर, हे मला माहीत नव्हतं. पोरांनी शेवटी उठून आरोळी ठोकली होती, "मारा डुकराले!" मला तेव्हा बरं वाटलं होतं, आता वाचून अस्वस्थ वाटतंय. तूर_हरभरा, तुमचा आक्षेप मी झटकणार नाही. पण पोरगं उठून गेलं ते शेवटाच्या आधी. गाडीचा प्रसंग पुस्तकातही आहे ना?

जुना_प्रोजेक्टर

आहे, आणि सिनेमापेक्षा कठोर आहे. पुस्तकात गाढव गाडीवरची पाटी मोठ्याने वाचून दाखवतं. बाकीची जनावरं तोवर हात हलवून निरोप दिल्यासारखी उभी होती, बहुतेकांना धड वाचता येत नव्हतं. पुढे स्क्विलर डुक्कर येऊन सांगतो की ती गाडी डॉक्टरने कसायाकडून विकत घेतली होती, फक्त पाटी पुसायची राहिली. जनावरांना हायसं वाटतं. पैसे आले त्यातून डुकरांनी दारू आणली.

तूर_हरभराभाऊ, पैसा कोणाचा हे कळायलाच पाहिजे, म्हणून तर सांगितलं. पण ते कळल्यावर सिनेमा फेकायचा की जास्त बारकाईने बघायचा, हा वेगळा प्रश्न.

झाडीपट्टीचा_नाटक्या

थोडं बाजूला जातो. या सिनेमात सगळ्या जनावरांचे आवाज एकाच नटाने काढलेत, मॉरिस डेनम त्याचं नाव. डुक्कर तोच, घोडा तोच, मेंढरंही तोच. मी वडसा भागातल्या एका नाटक मंडळीत सात हंगाम काम केलं. नाटक रात्री सुरू होतं आणि लोक उजाडेपर्यंत बसतात. एकदा आमचा खलनायक आजारी पडला आणि मला नायकाचा भाऊ आणि खलनायक दोन्ही करावे लागले. आवाज उलसा जाड केला, फेटा बदलला. समोर दोन हजार माणूस. ज्यांनी मला भाऊ म्हणून टाळी दिली तेच दहा मिनिटांनी मला शिव्या घालत होते. गळा तोच होता! त्या रात्री मला समजलं की लोक आवाजावर किती भरवसा टाकतात. स्क्विलरचं सगळं बळ त्याच्या गळ्यात आहे. तो कोणाला चावत नाही, मारत नाही, फक्त सांगत राहतो.

धुऱ्यावरून

बैलाचा विषय निघाला म्हणून लिहितो. २०१५ पासून राज्यात बैल कापायला बंदी आहे. म्हातारा बैल बाजारात कोणी घेत नाही, घेतला तर कवडीमोलाने. ठेवायचा तर ढेप आणि कडबा कुठून आणायचा? पोराच्या वडलांना दोष देऊ नका.

संत्राबाग_वरुड

बंदी हवीच होती असं माझं मत. ज्याने पंधरा वर्षं वखर ओढला त्याला शेवटी सुरीखाली द्यायचं?

धुऱ्यावरून

मत ठेवा भाऊ, पण कडब्याची पेंढीही पाठवा. माझ्या गोठ्यात एक उभा आहे, बसला की चार माणसांनी उठवावा लागतो. मी त्याला विकला नाही. पण ज्याने विकला तो माझ्यापेक्षा वाईट माणूस नाही, त्याच्या घरी खाणारी तोंडं जास्त होती.

पऱ्हाटी

दोघांचं बरोबर आहे, पण या विषयाचा वेगळा धागा काढा ना. इथे त्या पोराचा प्रश्न अजून तसाच पडला आहे.

बेड्यावरचा

मी इथे फक्त वाचतो, कधी लिहीत नाही. आज लिहितो.

मी फासेपारधी. अमरावती जिल्ह्यातल्या एका बेड्यावर, म्हणजे आमच्या पारध्यांच्या वस्तीवर वाढलो. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा केला की काही जमाती जन्मानेच गुन्हेगार. म्हणजे पाळण्यातलं लेकरूही गुन्हेगार, त्याने काही करायच्या आधीच. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. कागदावरून गेला.

मी चौथीत असताना वर्गात एका मुलाचा कंपास हरवला. बाईंनी कोणाला काही विचारलं नाही. सरळ माझ्याजवळ आल्या, माझं दप्तर उचललं आणि फरशीवर उलटं केलं. पिवळी पिशवी होती, खताची, आईने धुऊन शिवलेली. त्यातून दोन वह्या पडल्या, अर्धी भाकर आणि तितराचं एक पीस. मला ते पीस आवडायचं. पोरं पिसाला हसली. कंपास नंतर त्याच मुलाच्या घरी सापडला. बाई मला काही बोलल्या नाहीत. बोलायची गरज असते असं त्यांच्या मनातच आलं नसणार. माणसाचं दप्तर उलटं केलं तर माफी मागतात.

या सिनेमात स्नोबॉल नावाचं डुक्कर आहे. त्याला हाकलतात आणि गद्दार ठरवतात. पुस्तकात तर पुढे जे काही मोडेल, हरवेल, पडेल, ते त्याच्या नावावर. मी तो भाग पाहून थांबवला आणि पुन्हा पाहिला. गावात कुठे चोरी झाली की बेड्यावर पोलिसांची गाडी यायची तेव्हा माझा आजा धोतर नेसून आधीच बाहेर येऊन बसायचा. म्हणायचा, बोलावू नका, मी बसलेलोच आहे.

गुरुजी, तुम्ही विचारलं दाखवायला हवा होता का. माझ्या वर्गाला कोणी दाखवला असता तर कदाचित त्या दिवशी कोणीतरी एक पोरगं म्हणालं असतं, बाई, आधी विचारा तरी.

पऱ्हाटी

भाऊ, वाचलं. दोनदा वाचलं.

झेडपी_गुरुजी

मी शिक्षक आहे आणि मला हे वाचून रात्री झोप आली नाही. माझ्या वर्गातही बेड्यावरची दोन मुलं आहेत. पहिल्या वर्षी मी त्यांना मागच्या रांगेत बसवलं होतं. कारण विचाराल तर मला आज सांगता येत नाही. तुम्ही लिहिलंत, फार मोठं काम केलंत.

चवदार

बेड्यावरचा भाऊंच्या पोस्टला जोडून. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्यांना पाणी प्यायची मुभा होती आणि आमच्या लोकांना नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ते पाणी प्यायलं. माणसाला जनावर म्हणणं ही एक पायरी, आणि जनावराच्याही खाली ठेवणं ही त्याच्या पुढची. आजोबा १९५६ च्या १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर होते. गर्दीत त्यांची एक चप्पल हरवली. दुसरी त्यांनी शेवटपर्यंत जपून ठेवली होती.

तूर_हरभरा

मी वर जो आक्षेप घेतला तो प्रचाराबद्दल होता आणि अजूनही आहे. पण बेड्यावरचा यांचं वाचून वाटलं की आपल्याकडच्या गोष्टी सांगा असं मी म्हणालो होतो, आणि तीच सांगितली गेली, या सिनेमाच्या निमित्ताने. एवढं कबूल करतो.

एक मात्र पटत नाही. बॉक्सरची बाजू सगळे घेताहेत. मला तो मूर्ख वाटतो. काहीही झालं की "मी आणखी काम करीन". अशा माणसांमुळेच नेपोलियन उभे राहतात. आपण शेतकरी तेच करतो. भाव पडला की म्हणतो पुढच्या वर्षी जास्त पेरू.

वर्धेकाठ

रवांडाचं उदाहरण देतो. तिथे १९९४ मध्ये शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. त्याआधी एक रेडिओ स्टेशन रोज गाणी वाजवायचं आणि मधूनमधून तुत्सी लोकांना झुरळं म्हणायचं. झुरळ मारताना कोणी विचार करत नाही. ऐकणारे शेतकरीच होते, हातात विळे कोयते असलेले. तेव्हा तूर_हरभरा, फक्त मूर्ख म्हणून भागत नाही. रोज कानावर पडणारा शब्द शहाण्यालाही पोखरतो.

मारबत_नागपूर

मग आमच्या मारबतीचं काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या बाहुल्या, मिरवणुकीत निघतात, सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषी पुतळ्यांवर, नेत्यांची तोंडं असतात, लोक ओरडतात "इडा पीडा घेऊन जा गे मारबत". हेही माणसाला राक्षस करणंच की.

झाडीपट्टीचा_नाटक्या

मला फरक दिसतो. बडग्या हा खुर्चीवरच्या माणसाचा, भर दिवसा, त्याच्या नावासकट. खालच्याने वरच्यावर काढलेला राग आहे तो. बडग्या जाळून लोक घरी जाऊन जेवतात. बेड्यावर येणाऱ्या गाडीचं तसं नव्हतं.

कुंकवाविना

मला 'अपात्र' या शब्दाबद्दल लिहायचं आहे.

माझ्या नवऱ्याने आत्महत्या केली, बोंडअळीच्या साली. सरकारची १ लाखाची मदत असते. समिती बसते आणि ठरवते, आत्महत्या पात्र की अपात्र. आमचं कर्ज गावातल्या खासगी माणसाचं होतं, त्याच्याकडे परवाना नव्हता, बँकेचा कागद नव्हता. महिनाभराने कोतवाल कागद घेऊन आला. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. त्याने वाचून दाखवलं, अपात्र. माझ्या सासूबाईंना ऐकू कमी येतं. त्यांनी विचारलं, काय म्हनते? मी मोठ्याने सांगितलं, "तुमचा लेक अपात्र झाला." तेव्हा माझ्याच तोंडून तो शब्द निघाला आणि मला कळलं मी काय बोलले.

कागद लिहिणारा माणूस वाईट नव्हता. त्याच्यापुढे रकाना होता. पण तो रकाना कोणी आखला? मेलेल्या माणसाला नापास करायचा शब्द कोणाला सुचला?

तूर_हरभरा भाऊ, माझा नवरा बॉक्सर होता. मूर्ख नव्हता. सकाळी चारला पाणी द्यायला जायचा, कारण लाइन तेव्हाच असायची. जास्त काम केलं की फिटेल असं त्याला सगळे सांगत होते, मीही सांगत होते.

तूर_हरभरा

ताई, मी माझा शब्द परत घेतो. माफ करा.

धुऱ्यावरून

🙏

बेड्यावरचा

ताई, तुमच्या पोस्टला काय लिहू? वाचलं एवढंच सांगतो.

जुना_प्रोजेक्टर

दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येतो, लाथ काऊन नाही मारली.

पुस्तकात दोन जागा आहेत. पहिली, नेपोलियनच्या कुत्र्यांनी एकदा बॉक्सरवर झडप घातली. बॉक्सरने एका कुत्र्याला खुराखाली दाबून धरलं. कुत्रं केकाटायला लागलं. आणि बॉक्सरने मान वळवून नेपोलियनकडे पाहिलं, चिरडू की सोडू? नेपोलियनने सोड म्हटलं, त्याने पाय उचलला. ताकद होती. पायाखाली आलेलं होतं. पण विचारल्याशिवाय खूर खाली दाबायचा नाही, हे त्याच्या हाडात भरलं होतं.

दुसरी जागा गाडीतली. बाहेरच्या जनावरांचं ओरडणं ऐकून त्याला कळतं आणि तो आतून लाथा मारायला लागतो. बाहेर धडधड आवाज येतो. पण तोवर दगड ओढून ओढून अंगातलं बळ संपलेलं असतं. आवाज हळूहळू कमी होतो. म्हणजे त्या पोराला सांगा, मारली होती लाथ. उशिरा मारली.

वर्धेकाठ

आणि अक्षरओळख. बॉक्सरला पहिल्या चार अक्षरांपुढे गाडी कधी गेली नाही. भिंतीवर काय लिहिलंय आणि कधी बदललं हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागायचं. 'कोणी गादीवर झोपणार नाही' याला रात्रीतून पुढे 'चादर घालून' चिकटतं. 'कोणी कोणाला मारणार नाही' याला 'विनाकारण' चिकटतं. नियम पुसत नाहीत, फक्त एक शब्द वाढवतात.

माझ्या आजीचं अर्धं वावर असंच गेलं. सावकाराच्या वहीवर अंगठा दिला तेव्हा वाचून दाखवलं एक, आणि नंतर निघालं दुसरं. आजी म्हणायची, मी ऐकलेलं मला चांगलं आठवते. पण कचेरीत आठवण चालत नाही, वही चालते.

गुरुजी, एक करून बघा. पोरांकडूनच वर्गाचे नियम लिहून घ्या. आणि दोन दिवसांनी रात्रीतून एक शब्द वाढवा. कोणाच्या लक्षात येतं ते बघा.

संत्राबाग_वरुड

हे भारी आहे. करा आणि इथे सांगा.

झेडपी_गुरुजी

पोळा झाला, आता सांगतो.

नियम पोरांनीच केले, पाच. व्हरांड्यातल्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिले. तिसरा नियम बेड्यावरच्या मुलीने सुचवला होता, 'कोणी कोणाला जातीवरून, घरावरून चिडवायचं नाही.' बुधवारी पहाटे मी लवकर गेलो आणि त्यात एक शब्द घातला. 'कोणी कोणाला जातीवरून, घरावरून उगाच चिडवायचं नाही.' तोच खडू, तसंच अक्षर. हात थरथरत होता माझा, खोटं नाही सांगत.

प्रार्थनेला सगळ्यांनी रोजच्यासारखे नियम मोठ्याने म्हटले. 'उगाच' सकट म्हटले. कोणीच अडखळलं नाही. मधल्या सुट्टीत भांडण झालं. आठवीतल्या एकाने दुसऱ्याला घरावरून बोललं. मी विचारलं तर म्हणतो, "सर, उगाच नाई चिडवलं. त्यानं माझी सायकल पाडली. नियमात बसते." सकाळी फळ्यावर आलेला शब्द दुपारपर्यंत त्याच्या कामाला लागला होता.

मी सगळ्यांना विचारलं, हा नियम असाच होता का? बहुतेक म्हणाले, हो, असाच. दोघं म्हणाले, वेगळं वाटते पण सांगता येत नाही. आणि ती मुलगी, जिने नियम सुचवला होता, दप्तरातून वही काढून आली. मागच्या पानावर तिने पाचही नियम उतरवून ठेवले होते. माझ्यापुढे वही धरली आणि म्हणाली, "सर, माह्या वहीत 'उगाच' नाई हाय." तिला वाटलं तिचंच चुकलं, खोडरबर हातात घेऊन आली होती.

मी सगळं खरं सांगितलं, मीच केलं म्हणून. पोरं माझ्यावर चिडली. आठवीतला तो पोरगा जास्त चिडला. म्हणाला, तुम्ही लेहलं तर आमाले खरंच वाटन ना! मग जुना_प्रोजेक्टर यांनी सांगितलेलं, सिनेमाचा शेवट बदलल्याचं, तेही सांगितलं. पैसा कोणाचा होता तेही. सातवीतल्या त्या पोराला खुराखालच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्यानं इकडंतिकडं पाह्याले नोको होतं."

पोळ्याच्या संध्याकाळी त्यांच्या घरासमोरून जात होतो. दावणीला बैल नाही, पाटावर मातीची जोडी मांडली होती. वडलांनी मला आत बोलावलं. चहा झाला. म्हणाले, "पोट्ट्यानं खांदमळणीच्या रात्री मले पुन्हा इचारलं, ढवळ्या कोठी हाय. मी सांगून टाकलं. बाजारात देल्ला. बावीस हजार आले, बियाण्यात अन् खतात गेले. पुढं त्याले कोनं नेलं मले ठाऊक नाई, मी इचारलं नाई."

मी विचारलं, मग तो काय म्हणाला?

"काई नाई म्हनला. उठला, मातीच्या बैलाच्या खांद्याले हळद लावली. एकाच्याच लावली."

पऱ्हाटी

गुरुजी, सिनेमाची फाइल आणि तुमचं वऱ्हाडी सांगणं दोन्ही द्याल का? आमच्या बचत गटात बावीस बाया आहेत, शनिवारी बसतो. मी नियमांची वहीही सुरू करते, प्रत्येकीच्या घरी एक प्रत.

झेडपी_गुरुजी

नक्की. आवाज मोबाइलवर करून पाठवतो, एक दोन दिवस द्या. प्रोजेक्टर हवा असेल तर शुक्रवारी एसटीत ठेवून देतो.